धुई

आमच्या अणदूरकडे धुक्याला धुई म्हणतात. धुके नपुंसकलिंगी, पुस्तकातले. धुई स्त्रीलिंगी, रानातली. धुके पसरते, दाटते, विरते, कवितेत तर ते तरंगतेही. धुई मात्र पडते. आमच्या भागात पडणाऱ्या गोष्टींची जातकुळी काय आहे हे सांगायला नको. दुष्काळ पडतो, गार पडते, दरोडा पडतो, भाव पडतो. त्याच यादीतली ही धुई. मार्गशीर्ष-पौषातल्या एखाद्या पहाटे म्हातारा माणूस अंगणात येऊन उभा राहतो, समोरचा लिंब त्याला दिसत नाही, आणि तो फक्त "धुई पडली" एवढेच म्हणून आत जातो. त्या दोन शब्दांत कौतुकाचा लवलेश नसतो.

बँकेची नोकरी आणि कादंबरीलेखन ही दोन कामे मी तीसेक वर्षे शेजारी शेजारी केली. कादंबरीकाराला धुके फार सोयीचे असते. पात्र कुठून आले हे सांगावे लागत नाही, कुठे गेले हेही सांगावे लागत नाही, आणि प्रकरण कसे संपवावे हे सुचत नसेल तर नायकाला धुक्यात चालते करून द्यावे. उलट बँकेत पीककर्जाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला दर हिवाळ्यात धुईच्या तक्रारी ऐकाव्या लागतात. दिवसा धुई ऐकायची नि रात्री धुके लिहायचे असा तो संसार होता. हे दोन शब्द एकाच वस्तूचे की दोन वस्तूंचे, या प्रश्नाकडे नीट पाहायला सवड मिळाली ती निवृत्तीनंतर.

आपल्या वाङ्मयात धुके जुने आहे. संस्कृतात त्याला नीहार म्हणतात, आणि महाभारताच्या आदिपर्वात या नीहाराने एक मोठीच कामगिरी केली आहे. यमुनेवर नाव वल्हवणारी सत्यवती, तेव्हाची मत्स्यगंधा. पराशर ऋषी नावेत बसतात आणि तिची मागणी करतात. दोन्ही काठांवर ऋषी उभे आहेत, ते पाहतील, अशी हरकत ती घेते. पराशर तपाच्या बळावर धुके निर्माण करतात आणि सगळा प्रदेश अंधारून जातो. पुढे यमुनेच्या बेटावर व्यासांचा जन्म होतो. म्हणजे ज्याने भारत सांगितले त्याच्या जन्माची कथाच धुक्यात सुरू होते. कीर्तनकार हा प्रसंग चमत्कार म्हणून सांगतात आणि पुढे सरकतात. मला त्यात एक साधा व्यवहार दिसतो. कोळ्याच्या घरी वाढलेल्या पोरीने साक्षीदारांचा मुद्दा काढला, आणि समर्थ माणसाने साक्षीदारांचे डोळेच झाकले. धुक्याचे पहिले काम हे असे पुरावा नाहीसा करण्याचे आहे. वातावरण वगैरे नंतर आले.

वातावरण आणले ते वाल्मीकींनी, आणि तेही आपल्या महाराष्ट्रात. अरण्यकांडात पंचवटीला राम, सीता आणि लक्ष्मण पहाटे गोदावरीवर स्नानाला निघतात आणि वाटेत लक्ष्मण हेमंत ऋतूचे वर्णन करतो. नाशिकच्या पंचवटीतली ती पहाट म्हणून मला त्या सर्गाची विशेष ओढ आहे. तहानलेला हत्ती सोंडेने पाणी चाचपतो आणि गारठा लागताच सोंड मागे घेतो, असा एक तपशील त्यात आहे. तो पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही. धुक्यामागच्या चंद्राला वाल्मीकी उपमा देतात ती श्वासाने आंधळ्या झालेल्या आरशाची. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धांत मांडताना हे उदाहरण उचलले. आरशाला डोळे नसतात, मग तो आंधळा कसा होईल; म्हणजे शब्दाचा वाच्यार्थ इथे पार मागे पडला, असे त्याचे म्हणणे. पंडितांनी हजार वर्षे त्या एका 'अंध' शब्दावर चर्चा केली. पण त्याच सर्गात धुक्याखाली जव आणि गव्हाची शेते आहेत, तिकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. वाल्मीकींनी धुक्यात पीक ठेवले होते. पुढच्या कवींनी ते काढून घेतले आणि नुसता चंद्र ठेवला.

याच वाटेवर लक्ष्मणाला भरताची आठवण येते, तोही आता शरयूच्या थंड पाण्यात उतरत असेल म्हणून. मग तो कैकेयीला बोल लावतो आणि राम त्याला थांबवतो. आणि पुढच्याच सर्गात शूर्पणखा येते. धुके ओसरल्यावर काय येणार आहे हे वाचकाला ठाऊक असते, त्या तिघांना नसते. चित्रपटवाल्यांनी पुढे जे तंत्र शोधले म्हणून मिरवले, ते इतके जुने आहे.

आमच्या पिढीच्या डोक्यातले धुके मात्र गोदावरीचे नाही. ते टेम्सचे आहे. कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकलेल्या प्रत्येक मराठी मुलाने लंडनचे धुके आधी पाहिले, मग आपले. डिकन्सची 'ब्लीक हाउस' ही कादंबरी १८५२-५३ साली मासिक हप्त्यांनी निघाली. तिच्या सुरुवातीलाच लंडनवर धुके पसरले आहे, आणि ते सर्वांत दाट कुठे, तर चान्सरी न्यायालयाच्या अवतीभोवती. आत जार्नडाइस कुटुंबाचा वारसाहक्काचा दावा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. शेवटी खर्चातच सगळी इस्टेट संपते आणि दावा मिटतो. ज्याने सामाईक सात-बाऱ्यावर कर्जप्रकरण केले आहे, त्याला ही कादंबरी समजायला शेक्सपिअर वाचलेला असण्याची गरज नाही. डिकन्सचे धुके हे कागदांचे धुके आहे. आमच्याकडे धुई पडली की ती दहा वाजेपर्यंत उठते. तहसीलातली उठत नाही.

दुसरा धुकेवाला टी. एस. एलियट. त्याच्याबद्दल मला जरा भाऊबंदकीचा जिव्हाळा आहे, कारण तो १९१७ ते १९२५ लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरीला होता. १९१५ च्या 'प्रुफ्रॉक'मध्ये त्याने पिवळ्या धुक्याला मांजर केले, खिडकीच्या काचेला पाठ घासणारे. १९२२ च्या 'द वेस्ट लँड'मध्ये हिवाळी पहाटेच्या तपकिरी धुक्यातून पुलावरून माणसांची रांग शहराकडे चालली आहे. समीक्षक त्या रांगेत डांटेच्या नरकातली माणसे पाहतात, आणि ते बरोबरच आहे, कारण कवीनेच तशी खूण ठेवली आहे. पण ती माणसे हापिसाला निघालेली कारकून मंडळी आहेत, आणि कवी स्वतः त्याच भागात हजेरी लावायला जात होता, हे बँकेत हजेरीपटावर सही केलेल्या माणसाला आधी जाणवते. साडेनऊची घाई ज्याला माहीत नाही, त्याला ती ओळ फक्त सुंदर वाटते.

आपल्याकडे मर्ढेकर तरुणपणी इंग्लंडात राहून आलेले, एलियट पचवलेले. त्यांच्या कवितेतली मुंबईच्या बंदरावरची माघातली सकाळ आठवून पाहा. ती प्रसन्न आहे, पण तिच्यात गिरणी-गोदीच्या शहराचा धूर आणि राबणारी माणसे आहेत. अनंत काणेकरांनी तर आपल्या प्रवासवर्णनाचे नावच 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' असे ठेवले. १९४० सालचे हे पुस्तक. धुके म्हणजे लंडन, गोंधळलेला पश्चिम युरोप. लाल तारा म्हणजे मॉस्को. आज ते शीर्षक वाचताना मौज वाटते. सोव्हिएत संघ १९९१ च्या डिसेंबरात संपला, आणि लंडनचे ते धुके त्याच्याही कितीतरी आधी गेले.

गेले म्हणजे काय झाले? तर ते निव्वळ धुके नव्हतेच. त्यात घराघरांतल्या शेगड्यांचा आणि कारखान्यांचा कोळशाचा धूर होता. १९५२ साली ५ ते ९ डिसेंबर असे पाच दिवस लंडनवर हा धूर बसून राहिला. बसगाड्या बंद पडल्या. एका नाट्यगृहात ते आत शिरले आणि प्रेक्षकांना रंगमंच दिसेना म्हणून चालू ऑपेरा थांबवावा लागला. त्या दिवसांत चार हजार माणसे दगावल्याचा तेव्हाचा अंदाज होता. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला, कोळशावर बंधने आली आणि डिकन्स-एलियटचे धुके हळूहळू वाङ्मयापुरते उरले. शंभर वर्षे जगाने जिला गूढरम्यता म्हणून वाचले, ती माणसांच्या फुफ्फुसात जात होती. मराठी वर्तमानपत्रांनी धूर आणि धुके यांच्या मिश्रणाला 'धुरके' हा शब्द रुळवला आहे. हल्लीच्या वर्षांत ज्या शब्दांची भर पडली त्यांतला हा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. दिल्लीच्या नोव्हेंबरातल्या हवेवर अजून कुणी भावगीत लिहिलेले नाही, ते या शब्दामुळेच असेल.

आता चित्रपटाकडे येतो. तिथे तर धुके बाजारात विकत मिळते.

बिमल रॉय यांचा 'मधुमती' (१९५८) मी लहानपणी टुरिंग टॉकीजच्या तंबूत पाहिला. खाली सतरंजी, बाहेर पौषातली थंडी, आणि पडद्यावर पहाड, देवदार नि धुक्यातून येणारी वैजयंतीमाला. कथा-पटकथा ऋत्विक घटकांची, संवाद राजिंदरसिंग बेदींचे, कॅमेरा दिलीप गुप्तांचा. तंबूतल्या आम्हा पोरांना हिमालय म्हणजे काय ते त्या रात्री कळले असे वाटले होते. पुढे या चित्रपटाच्या निर्मितीची हकिकत वाचनात आली. नैनितालच्या परिसरात सहा आठवडे मुक्काम ठोकून बाह्यचित्रीकरण झाले. तेव्हा चित्रित केलेले तिथल्या तिथे पाहण्याची सोय नव्हती. परत आल्यावर फिल्म धुऊन पाहिली, तर तिचा बराच भाग 'फॉग' झालेला! फिल्मवर नको तो धुरकट थर चढतो, त्याला कॅमेऱ्याच्या धंद्यात हाच शब्द आहे. म्हणजे खऱ्या पहाडाचे चित्रण धुक्यानेच खाल्ले, फक्त ते धुके रसायनातले होते.

पुन्हा नैनितालला जाणे परवडणारे नव्हते. मग बिमलदांच्या मंडळींनी इगतपुरीजवळ वैतरणा धरणाच्या परिसरात नैनिताल उभे केले. कलादिग्दर्शक सुधेंदू रॉय यांनी खोटी पाइनची झाडे तयार करून ती तिथे रोवली. दिलीपकुमार धुक्यात वैजयंतीमालाला शोधत हिंडतो तो प्रसंग इगतपुरीचा, आणि त्यातले धुके धुराच्या नळकांड्यांचे. काही तुकडे मुंबईच्या आरे कॉलनीत घेतले. सुधेंदू रॉय यांना कलादिग्दर्शनाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले ते उगीच नाही. गंमत अशी की, इगतपुरी कसारा घाटाच्या माथ्यावर आहे आणि पावसाळ्यात तिथे खरे धुके हवे तितके असते. पण खरे धुके कलाकारांच्या तारखा पाहून येत नाही. हिशेबाच्या माणसाला हे लगेच पटेल: निसर्ग फुकट असतो, पण त्याची वाट पाहणे फार महाग पडते.

तंबूतला माझा हिमालय नाशिक जिल्ह्यातला होता, हे कळल्यावर फसवणूक झाल्यासारखे मात्र वाटले नाही. उलट आदर वाढला. परक्या मुलखाचे धुके आपल्या मातीत उभे करून त्यांनी आम्हाला घाबरवले, रडवले. आणि आपल्या मातीत रोज पडणारी धुई उभी करायला आम्हा लेखकांना कोणती नळकांडी लागणार होती?

'मधुमती'नंतर हिंदी पडद्यावर धुक्याचा हंगामच आला. हेमंतकुमारांची निर्मिती आणि बीरेन नाग यांचे दिग्दर्शन असलेला 'बीस साल बाद' (१९६२), मग त्याच जोडीचा 'कोहरा' (१९६४), ज्याच्या नावातच धुके आहे आणि कथा दाफ्ने द्यू मॉरिएच्या 'रेबेका'वरून घेतलेली. राज खोसलांचा 'वह कौन थी' त्याच वर्षीचा. पांढरी साडी, जुनी हवेली, दुरून येणारे गाणे. काही वर्षांत धुके इतके स्वस्त झाले की ते दिसले की प्रेक्षक गाण्याची वाट पाहू लागला. आमच्या ग्रामीण मराठी चित्रपटाने या भानगडीत फारसे न पडून बरेच केले. त्याच्या वाट्याला धुरळा होता, आणि तो फुकट होता.

परदेशी चित्रपट मी पाहिले ते पुण्या-मुंबईच्या बदल्यांच्या काळात, फिल्म सोसायट्यांच्या कृपेने. 'कॅसाब्लांका' (१९४२) मधला विमानतळावरचा निरोप जगभर गाजला. ते विमान खरे नव्हते. स्टुडिओत उभा केलेला छोटा नमुना होता, तो मोठा वाटावा म्हणून यांत्रिकांच्या जागी बुटकी माणसे उभी केली होती, आणि ही सगळी लबाडी झाकायला धुके सोडले होते. कुरोसावाच्या 'थ्रोन ऑफ ब्लड' (१९५७) मध्ये मॅकबेथ जपानी होतो. फुजी पर्वताच्या उतारावर दोन सेनापती धुक्यात घोडे फेकतात, पुन्हा पुन्हा त्याच जागी येतात. सत्तेच्या मोहाचे इतके अचूक चित्र मी दुसरे पाहिले नाही. भरपूर वेग आहे, दमछाक आहे, नि जागा तीच. आणि फेलिनीच्या 'अमारकोर्द' (१९७३) मधला म्हातारा. तो घराबाहेर पडतो, धुक्यात काही दिसत नाही, मरण असेच असेल तर त्यात काही राम नाही असे काहीसे पुटपुटतो. मग घोडागाडीवाला सांगतो की बाबा, तू तुझ्या दारातच उभा आहेस. थोड्याच वेळाने शाळेला निघालेल्या पोरासमोर धुक्यातून एक पांढरा बैल येतो. थिएटरात सगळे त्या बैलाच्या प्रतीकाबद्दल कुजबुजत होते. मला तो फक्त ओळखीचा वाटला. धुईत बैल असाच दिसतो, आधी श्वास, मग शिंगे, मग बैल.

एका चित्रपटाबद्दल मात्र असे हलकेपणाने लिहिता येत नाही. ॲलन रेनेचा 'नाइट अँड फॉग' हा अर्ध्या तासाचा माहितीपट, १९५६ साली लोकांपुढे आलेला. नाझी छळछावण्यांवरचा. त्याच्या नावात कविकल्पना नाही. डिसेंबर १९४१ मध्ये हिटलरच्या राजवटीने काढलेल्या फर्मानाचेच ते नाव आहे. जिंकलेल्या देशांतले विरोधक उचलायचे आणि त्यांचे पुढे काय झाले हे घरच्यांनाही कळू द्यायचे नाही. रात्र आणि धुके यांत माणूस नाहीसा. पराशरांच्या नीहारापासून निघालेली एक वाट इथे येऊन पोचते असे मला वाटते. इथे तर सरकारनेच धुक्याला शासकीय शब्द केले.

पुरावा उरत नाही, हा जो धुक्याचा गुण आहे, तो मला पहिल्यांदा कळला तो ना रेनेमुळे, ना व्यासांमुळे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी एका लहान शाखेत होतो. जानेवारीत एक वयस्क शेतकरी कर्ज नवे-जुने करायला आले. तुरीवर भिस्त होती, ती गेली होती. मी विचारले, "मामा, पाऊस तर बरा होता. तूर कशानं गेली?"

"धुईनं, सायेब. फुलात होती. चार दिवस सलग पडली. समदं फूल खाली."

फॉर्मवर कारणांचे रकाने होते. अवर्षण, अतिवृष्टी, गारपीट, कीड-रोग, इतर. मी पेन हातात घेऊन थांबलो, तसे ते म्हणाले, "गार पडली तर चार लोकास्नी दिसती. पुराचं पाणी भिताडाला खूण ठिवतंय. धुई गेल्यावर काय दाखवू तुमाला? वावरात या म्हणलं तर ऊन पडलेलं आसतंय, झाड हिरवंगार उभं. धुईचा पंचनामा कसा करतेत?"

'इतर' या रकान्यात खूण करून मी समोर 'प्रतिकूल हवामान' असे लिहिले. दुसरे काही लिहिण्याची सोय नव्हती. मुदतवाढ मिळाली. पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण तो बरोबर होता. आजही केंद्राच्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमकडा, ढगफुटी, कीड, आणि दहिवर-थंडीची लाट अशा बारा आपत्ती आहेत. त्सुनामीला आमच्या बालाघाटावर चढून यायला अडचण आहे, पण ती यादीत आहे. धुई नाही.

शास्त्र पाहावे तर धुई स्वतः काही खात नाही. आकाश निरभ्र, वारा पडलेला, जमिनीत ओल, रात्र लांब; जमीन गार होते, तिच्या लगतची दमट हवा गार होते आणि बाष्पाचे बारीक थेंब हवेतच तरंगत राहतात. हजार मीटरच्या आतले दिसेनासे झाले की हवामानखाते त्याला धुके म्हणते. शेतीचे जाणकार सांगतात की पाने-फुले तासन्‌तास ओली राहतात, ऊन उशिरा पोचते, आणि तेवढ्या वेळात बुरशीचे फावते. तुरीची फूलगळ होते. हरभऱ्यावर अळीचा जोर वाढतो. ज्वारीवर चिकटा येतो. द्राक्षावर केवडा येतो, म्हणजे ज्याला आता लहान पोरसुद्धा डाउनी म्हणते. आंब्याच्या मोहोरावर भुरी येते. तुळजापूर-नळदुर्गच्या पट्ट्यात द्राक्षबागा वाढल्या तशी धुईची भीतीही वाढली, कारण तुरीच्या एकरात बुडणारे पैसे आणि बागेच्या एकरात बुडणारे पैसे यांच्यात काही शून्यांचा फरक आहे. बोरी नदीवरच्या धरणालगत ज्यांच्या बागा आहेत, ते हिवाळ्यात पहाटे चारला उठून आधी आकाश पाहतात. कडाक्याच्या थंडीत बागेच्या बांधावर ओला पालापाचोळा पेटवून रात्रभर धूर करतात, घडांना ऊब राहावी म्हणून. तो पाहिला की मला इगतपुरीची नळकांडी आठवतात. धूर तोच, एकाने धुके आणायला केला, दुसऱ्याने थंडी हाकलायला.

सगळाच तोटा आहे असेही नाही. थंडी आणि दंव यांवर आमची रब्बी ज्वारी पोसते असे जुनी माणसे मानतात. हरभऱ्यावर रात्री स्वच्छ फडके पसरून पहाटे ते पिळून आंब काढायची, पोटाच्या दुखण्यावर जपून ठेवायची, हे माझ्या आजीने केलेले मी पाहिले आहे. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या वेळ अमावास्येला, आंबिलाचे मडके डोक्यावर घेऊन बायका धुईतून शेताकडे निघतात. कडब्याच्या कोपीपर्यंत पोचेतो माणसे दिसत नाहीत, नुसते बोलणे ऐकू येते. भज्जी आणि उंडे खाऊन होईपर्यंत ऊन पडलेले असते.

आणि खंडोबा. अणदूर नि नळदुर्गजवळचे मैलारपूर अशी दोन देवळे आणि मूर्ती एकच, हे आमच्या दैवताचे वैशिष्ट्य. देव सव्वादहा महिने अणदुरात असतो आणि पावणेदोन महिने मैलारपूरला. मार्गशीर्षात पालखी इथून निघते, पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तिकडे भरते, मग देव परत येतो. पंचांग समोर ठेवून पाहिले तर हे पावणेदोन महिने म्हणजे नेमका धुईचा काळ. देव गावात नसतो आणि तूर फुलात असते. यामागे काही कारण असेल असे मी म्हणत नाही. पण देव गेला की धुई येते, असे आमच्या गल्लीतली एक आजी ठामपणे सांगायची, आणि तिचे निरीक्षण तारखांना धरून होते.

असे असताना मराठवाड्याच्या लिहिण्यात धुई का नाही? आमच्या कादंबऱ्यांत दुष्काळ आहे, धुरळा आहे, टँकर आहे, सावकार आहे. दुष्काळ वर्षभर चालतो, त्यावर तीनशे पाने होतात. धुई चार पहाटांत काम करून जाते. तिला नाट्य नाही, आक्रोश नाही. झाड हिरवे राहते आणि शेंगा लागत नाहीत, एवढेच. शिवाय आम्हा शिकलेल्यांच्या मनात शब्दांची वाटणी झालेली होती. सुंदर ते धुके, ते थंड हवेच्या ठिकाणाचे, लंडनचे, नायिकेचे. आणि धुई ही तक्रार-अर्जातली. नळदुर्गच्या किल्ल्यात राहून गेलेला मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी कादंबरीकार होता. लिव्हरपूलला जन्मलेल्या या माणसाने १८६३ साली आमच्या तुळजापूरच्या मुलीला नायिका करून 'तारा' लिहिली. त्याला आमची माती कथेच्या लायकीची वाटली, आणि आम्ही शंभर वर्षांनी त्याच्या देशाचे धुके आमच्या कथांत आणत बसलो. हा सौदा काही बरोबरीचा झाला नाही.

गेल्या पौषात शेजारच्या एका बागायतदाराकडे बसलो होतो. त्यांचा मुलगा कॉलेजात आहे. सकाळी तो मोबाइल घेऊन बांधावर गेला आणि धुईचे फोटो काढून आला. फोटो खरेच सुरेख होते. पांढऱ्यात बुडालेली तूर, मधून डोकावणारा विजेचा खांब, त्यावर एक कोतवाल. मी तारीफ केली. वडिलांनीही चष्मा लावून एकेक फोटो पाहिला, फोन परत दिला आणि म्हणाले, "ह्यात काय दिसत न्हाई. धा वाजता जा, ऊन पडल्यावर. झाडाच्या बुडाखालचा काढ, फुलं पडल्यात तिथला. तारीख यील आसं बघ."

मुलगा दहाला पुन्हा गेला. मीही त्याच्याबरोबर गेलो. तुरीखालची काळी माती पिवळी झाली होती.